कमी उंचीवरचे गजबजलेले आकाश : ड्रोनने विमानाला ओळखायचे कसे?

माणसे घेऊन उडणाऱ्या विमानाला वाट करून देण्याची जबाबदारी ड्रोनची, हे तत्त्व आज बहुतेक देशांच्या हवाई नियमांत दिसते. नियम सांगायला सोपा असला, तरी तो पाळायचा कसा, हा प्रश्न मात्र गेली अनेक वर्षे अभियंत्यांना आणि नियामकांना छळत आहे. विमानात वैमानिक असतो, त्याला डोळे असतात आणि समोरचे संकट पाहून तो दांडी वळवू शकतो. ड्रोनमध्ये कोणीच नसते. ते चालवणारा माणूस कधी काही मीटरवर, तर कधी काही किलोमीटरवर पडद्यासमोर बसलेला असतो. अशा यंत्राला आकाशातील दुसऱ्या विमानाची चाहूल लागावी आणि त्याने स्वतःहून बाजूला व्हावे, यासाठी जी साधने व जे नियम विकसित होत आहेत, त्यांना विमानवाहतुकीच्या परिभाषेत 'शोधा आणि टाळा' असे म्हटले जाते. औषधे पोहोचवणे, वीजवाहिन्यांची पाहणी, पूरग्रस्त भागाचे सर्वेक्षण अशा कामांसाठी ड्रोनला नजरेच्या टप्प्याबाहेर पाठवायचे असेल, तर हा प्रश्न सुटल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

जुने तत्त्व

विमानवाहतुकीच्या आरंभापासून वैमानिकांसाठी 'पाहा आणि टाळा' हे तत्त्व लागू आहे. हवामान स्वच्छ असेल, तर प्रत्येक वैमानिकाने डोळे उघडे ठेवून इतर विमानांपासून दूर राहावे, अशी ही अपेक्षा. तिच्या मर्यादा फार पूर्वीच उघड झाल्या. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९५८ मध्ये तेथे संघीय विमानवाहतूक यंत्रणेची स्थापना करणारा कायदा झाला. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील सेरिटोस येथे एक प्रवासी विमान आणि एक छोटे खासगी विमान एकमेकांवर आदळले. जमिनीवरील १५ जणांसह ८२ जणांचा त्यात बळी गेला. या दुर्घटनेनंतर प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी 'टीकॅस' ही यंत्रणा अमेरिकेने सक्तीची केली. भारतात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मरण पावले, तेव्हा येथेही ही यंत्रणा बंधनकारक झाली. हवाई सुरक्षेचे बरेच नियम असे दुर्घटनांनंतर लिहिले गेले आहेत. ड्रोनच्या बाबतीत मोठी प्राणहानी होण्याआधीच नियम आणि साधने तयार व्हावीत, हा सध्याच्या प्रयत्नांमागील हेतू आहे.

नेमका धोका कोठे?

मोठी प्रवासी विमाने बहुतांश काळ ३० हजार फुटांच्या आसपास उडतात, तर लहान ड्रोनना अनेक देशांत ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटरची मर्यादा आहे. त्यामुळे दोघांची गाठ पडण्याचा संभव विमानतळांच्या परिसरापुरता आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अपघातग्रस्तांना उचलणारी रुग्णवाहिका हेलिकॉप्टर, पोलिसांची गस्त, वणवा विझवणारी विमाने, पिकांवर औषध फवारणारी विमाने, वीजवाहिन्या व तेलवाहिन्यांची पाहणी करणारी हेलिकॉप्टर, ग्लायडर, पॅराग्लायडर हे सारे याच उंचीवर वावरतात. अमेरिकेत मोकळ्या प्रदेशावर साध्या विमानांनी जमिनीपासून वा बांधकामापासून ५०० फूट अंतर राखावे, असा सर्वसाधारण नियम आहे. ड्रोनच्या ४०० फुटांच्या मर्यादेत आणि त्यात जेमतेम १०० फुटांचे अंतर उरते. हेलिकॉप्टर आणि फवारणीच्या विमानांना तर त्याहूनही खाली उतरावे लागते.

घडलेल्या टकरींवर नजर टाकली, तर हे चित्र स्पष्ट होते. २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर एक छंदापुरते उडवले जाणारे ड्रोन आदळले. हेलिकॉप्टरच्या पात्याला पोचा आला, पण ते सुखरूप उतरले. ड्रोनचालक तेथून सुमारे अडीच मैल दूर होता आणि तपास अधिकाऱ्यांनी संपर्क साधेपर्यंत टक्कर झाल्याचे त्याला ठाऊकही नव्हते. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला कॅनडातील क्वेबेक येथे उतरण्याच्या तयारीत असलेल्या छोट्या प्रवासी विमानाच्या पंखाला ड्रोनची धडक बसली. १० ऑगस्ट २०२१ रोजी टोरांटोजवळील बटनव्हिल विमानतळावर उतरणाऱ्या सेस्ना १७२ या प्रशिक्षण विमानाला ज्या ड्रोनची धडक बसली, ते खुद्द पोलिसांचे होते. ड्रोन चालवणाऱ्यावर एकाच वेळी इतक्या कामांचा भार होता, की आकाशाकडे लक्ष ठेवणे त्याला जमले नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वणव्याने थैमान घातले असताना, आगीवर पाणी टाकणाऱ्या 'सुपर स्कूपर' विमानाच्या पंखाला एका हौशी ड्रोनने भोक पाडले. विमान सुरक्षित उतरले, परंतु ऐन आणीबाणीत ते दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावे लागले.

या चारही घटनांत कोणी दगावले नाही, हे सुदैव. पक्षी आणि ड्रोन यांच्या धडकेत मोठा फरक आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या 'अश्योर' या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोनची धडक विमानाची अधिक हानी करते. पक्ष्याचे शरीर आघाताने पसरते, मात्र ड्रोनमधील मोटार, बॅटरी आणि कॅमेरा हे टणक भाग एका जागी सारा जोर एकवटतात.

साडेबारा सेकंदांचा हिशेब

समोरचे विमान दिसल्यापासून ते टाळेपर्यंत वैमानिकाला किती वेळ लागतो, याचा हिशेब अमेरिकी विमानवाहतूक यंत्रणेच्या मार्गदर्शक पत्रकात दिलेला आहे. वस्तू दिसणे, ते विमान आहे हे ओळखणे, टक्कर होणार आहे हे उमगणे, निर्णय घेणे, हातांची हालचाल आणि विमानाचा प्रतिसाद, असे सारे मिळून साडेबारा सेकंद धरले जातात. त्यातले पाच सेकंद तर केवळ टकरीचा धोका उमगण्यात जातात. याचे कारणही भूमितीत आहे. जे विमान टकरीच्या मार्गावर असते, ते काचेत एकाच जागी स्थिर दिसते. सरकत नाही म्हणून ते नजरेत भरत नाही, आणि अगदी जवळ आल्यावरच अचानक मोठे होते.

आता हाच हिशेब ड्रोनला लावून पाहू. एखादे हेलिकॉप्टर १२० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ मीटर वेगाने येत आहे आणि ड्रोन सेकंदाला १५ मीटर वेगाने त्याच्याच दिशेने निघाले आहे. दोघांतील अंतर दर सेकंदाला ७७ मीटरने घटते. साडेबारा सेकंदांत जवळपास एक किलोमीटर संपतो. लहान ड्रोनसाठीच्या 'एएसटीएम' या मानक संस्थेच्या २०२० मधील निकषानुसार ड्रोनने विमानापासून आडवे २००० फूट किंवा उभे २५० फूट अंतर राखले पाहिजे. आडवे ५०० फूट आणि उभे १०० फूट यांच्या आत दोघे आले, तर ती 'थोडक्यात टळलेली टक्कर' मानली जाते. सेकंदाला ५ मीटर वेगाने खाली उतरणाऱ्या ड्रोनला २५० फूट, म्हणजे सुमारे ७६ मीटर खाली जायला १५ सेकंद लागतात. ओळख पटवण्यास लागणारा वेळ त्यात मिळवला, तर विमान सुमारे दोन किलोमीटरवर असतानाच ड्रोनला त्याचा पत्ता लागणे आवश्यक ठरते. काही किलो वजनाच्या यंत्रासाठी ही अपेक्षा लहान नाही.

'टीकॅस' का बसवत नाहीत?

प्रवासी विमानांत यशस्वी ठरलेली 'टीकॅस' यंत्रणा ड्रोनवर का बसवू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. ही यंत्रणा आसपासच्या विमानांवरील ट्रान्सपाँडरना रेडिओ संदेशाद्वारे विचारणा करते आणि मिळालेल्या उत्तरांवरून अंतर व उंची ठरवून वैमानिकाला वर किंवा खाली जाण्याची सूचना देते. तिला लागणारी वीज आणि तिचे वजन लहान ड्रोनला पेलवत नाही. शिवाय सूचना मिळताच विमान मिनिटाला सुमारे १५०० फूट वेगाने चढेल वा उतरेल, असे ती गृहीत धरते. प्रत्येक ड्रोनला ते साधत नाही.

याहून महत्त्वाची अडचण उंचीची आहे. जमिनीपासून सुमारे १००० फुटांखाली 'टीकॅस'च्या बचावसूचना मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात, कारण तेथे खाली जाण्याची सूचना जमिनीवरच नेऊन आदळू शकते. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण ठार झाले. ही टक्कर सुमारे ३०० फुटांवर झाली, त्यामुळे बचावसूचना मिळण्याची सोयच नव्हती. त्या दुर्घटनेत ड्रोनचा संबंध नव्हता. मात्र कमी उंचीवर रूढ यंत्रणा किती अपुरी पडते, हे तिने दाखवून दिले.

बोलणारी विमाने

सध्या ड्रोनसाठी सर्वांत स्वस्त व सोपा उपाय म्हणजे विमानांचे बोलणे ऐकणे. 'एडीएस-बी' या पद्धतीत विमान उपग्रहांच्या साह्याने स्वतःचे स्थान ठरवते आणि ते, उंची व वेगासह, साधारण सेकंदाला दोनदा १०९० मेगाहर्ट्झ लहरींवर प्रक्षेपित करते. हे संदेश कोणालाही ऐकता येतात. त्यासाठी लागणारा ग्राहक काही ग्रॅम वजनाचा असतो आणि कित्येक किलोमीटरवरचे विमान टिपतो. डीजेआय या चिनी कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केले, की १ जानेवारी २०२० नंतर येणाऱ्या २५० ग्रॅमहून जड अशा आपल्या ड्रोनमध्ये हा ग्राहक असेल आणि विमान जवळ येताच चालकाला इशारा मिळेल.

ड्रोननेही असेच संदेश प्रक्षेपित करावेत, अशी कल्पना पुढे आली होती. परंतु हजारो ड्रोन एकाच लहरीवर बोलू लागले, तर खऱ्या विमानांचे संदेश त्या गोंगाटात हरवतील. म्हणून अमेरिकेने लहान ड्रोनना असे प्रक्षेपण करण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. ड्रोनने ऐकावे, बोलू नये, असा हा संकेत आहे.

या पद्धतीची खरी मर्यादा अशी, की जे विमान बोलत नाही ते तिला दिसत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून 'एडीएस-बी' सक्तीचे झाले, पण ते ठरावीक हवाई क्षेत्रांतच. ग्रामीण भागात कमी उंचीवर उडणारी अनेक विमाने, ग्लायडर, फुगे यांना त्यातून सवलत आहे. युरोपमध्ये ही सक्ती प्रामुख्याने ५७०० किलोंहून जड किंवा अतिवेगवान विमानांना आहे. पोटोमॅकच्या दुर्घटनेतील लष्करी हेलिकॉप्टरही हे प्रक्षेपण करत नव्हते, असे तपासात निष्पन्न झाले. शिवाय हे संदेश सांकेतिक नसतात आणि उपग्रहांच्या संदेशावर अवलंबून असतात. त्यामुळे खोटे संदेश सोडणे किंवा उपग्रहसंदेशात अडथळा आणणे शक्य असते.

न बोलणाऱ्यांचा शोध

मौन बाळगणाऱ्या विमानाला शोधण्यासाठी ड्रोनला स्वतःची ज्ञानेंद्रिये हवीत. त्यासाठी तीन मार्गांवर काम झाले आहे. पहिला मार्ग कॅमेऱ्याचा. आयरिस ऑटोमेशन या कंपनीने 'कॅसिया' नावाची अशी यंत्रणा विकसित केली. ती कॅमेऱ्यातील चित्रांतून विमान ओळखते. कॅमेरा हलका व स्वस्त असतो. परंतु दोन किलोमीटरवरून समोरून येणाऱ्या छोट्या विमानाची सव्वा मीटर रुंदीची कुडी चार हजार बिंदूंच्या, ६० अंश व्याप्तीच्या चित्रात अवघे दोन-तीन बिंदू व्यापते. त्या ठिपक्याला पक्षी, ढगाचा तुकडा किंवा काचेवरची धूळ यांपासून वेगळे काढावे लागते. धुके, पाऊस, समोरचा सूर्य आणि मागे डोंगर असला तर विमान हुडकणे आणखी कठीण होते.

दुसरा मार्ग रडारचा. ते रात्री व धुक्यातही काम करते आणि अंतर थेट मोजते. मात्र रडारचा पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळापट लागते, कारण लहरी जाताना आणि परतताना दोन्ही वेळा क्षीण होतात. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रोनला हा खर्च जड जातो. कमी उंचीवर जमीन, झाडे, इमारती यांचे परावर्तनही रडारमध्ये गर्दी करते आणि त्यातून हलणारे विमान वेगळे करण्यासाठी लहरींच्या वारंवारतेत पडणारा फरक तपासावा लागतो.

तिसरा मार्ग आवाजाचा. आफ्रिकेतील रवांडामध्ये २०१६ पासून रक्तपुरवठ्यासाठी ड्रोन वापरणाऱ्या झिपलाइन या कंपनीने २०२२ मध्ये अशी यंत्रणा जाहीर केली. तिच्या ड्रोनवर बसवलेले छोटे मायक्रोफोन सर्व दिशांनी येणारा इंजिनाचा आवाज टिपतात, आणि स्वतःच्या पंख्याचा व वाऱ्याचा आवाज संगणक वजा करतो. आवाजाला ढग किंवा अंधार अडवत नाही. परंतु तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने प्रवास करतो. तीन किलोमीटरवरचा आवाज पोहोचेपर्यंत नऊ सेकंद जातात आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर अर्धा किलोमीटर पुढे आलेले असते. ग्लायडर व पॅराग्लायडर तर नीरवच उडतात.

कोणतेही एक साधन पुरेसे नसल्याने दोन किंवा तीन साधनांची माहिती एकत्र करण्याकडे कल आहे. काही ठिकाणी हा भार जमिनीवर टाकला जातो. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याने 'व्हँटिस' नावाचे जाळे उभारले आहे. त्याच्या आधारे ड्रोनचालकांना परिसरातील विमानांची माहिती मिळते. मार्ग ठरलेला असेल, तर हा उपाय सोयीचा ठरतो.

निर्णयाचे गणित

विमान दिसल्यावर डावीकडे वळायचे, खाली जायचे की थांबायचे, हा निर्णयही तितकाच महत्त्वाचा आहे. चुकीच्या दिशेला वळलेले ड्रोन टक्कर ओढवून घेऊ शकते. 'टीकॅस'च्या घडणीत सहभागी असलेल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने अमेरिकी विमानवाहतूक यंत्रणेसाठी 'अॅकॅस एक्स' ही नवी पिढी विकसित केली आहे. तिच्यात विमानांच्या स्थितीचे असंख्य संभाव्य पर्याय आधीच तपासून प्रत्येक परिस्थितीत कोणती हालचाल सर्वांत कमी धोक्याची, याचे कोष्टक तयार केले जाते. उड्डाणात संगणक फक्त ते कोष्टक पाहतो. मोठ्या मानवरहित विमानांसाठी 'एक्सयू' आणि लहान ड्रोनसाठी 'एसएक्सयू' अशी तिची रूपे आहेत. यंत्रणा कितपत भरवशाची आहे, हे संगणकावर लाखो काल्पनिक गाठीभेटी घडवून तपासले जाते. त्यासाठी विमाने प्रत्यक्षात कशी उडतात, याच्या रडार नोंदींचा आधार घेतला जातो.

मोठ्या मानवरहित विमानांनी हा टप्पा आधी गाठला. नासाच्या 'इखाना' या विमानाने १२ जून २०१८ रोजी सोबतीला पाठलाग करणारे विमान न घेता अमेरिकेच्या सार्वजनिक हवाई क्षेत्रात उड्डाण केले. लहान ड्रोनला तेच साधायचे आहे, पण वजनाच्या व किमतीच्या कितीतरी कठोर मर्यादेत.

वाट कोणाची?

तंत्रज्ञानाइतकाच वादाचा विषय झाला आहे तो अधिकाराचा. अमेरिकी विमानवाहतूक यंत्रणेने ऑगस्ट २०२५ मध्ये नजरेच्या टप्प्याबाहेरील ड्रोन उड्डाणांसाठी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. आपले स्थान प्रक्षेपित करणाऱ्या विमानाला ड्रोनने वाट दिलीच पाहिजे, असे त्यात म्हटले होते. मात्र गजबजलेली हवाई क्षेत्रे, विमानतळांचा परिसर वगैरे अपवाद सोडले, तर प्रक्षेपण न करणाऱ्या विमानापेक्षा ड्रोनचा मार्गाधिकार वरचढ मानण्याचीही त्यात तरतूद होती. खासगी वैमानिकांच्या आणि फवारणी करणाऱ्या वैमानिकांच्या संघटनांनी त्याला हरकत घेतली. ड्रोन इतके लहान असते, की विमानातून ते दिसणे जवळजवळ अशक्य, मग टाळण्याची जबाबदारी आमच्यावर कशी, हा त्यांचा सवाल. ड्रोन उद्योगाचे म्हणणे असे, की प्रक्षेपक न बसवणाऱ्यांसाठी प्रत्येक ड्रोनवर महागडी रडार लादणे व्यवहार्य नाही. युरोपने निराळी वाट धरली. तेथे जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या 'यू-स्पेस' नियमांनुसार, ड्रोनसाठी आखलेल्या विशिष्ट क्षेत्रात, जेथे हवाई नियंत्रण सेवा नाही, तेथे शिरणाऱ्या विमानाने आपले अस्तित्व इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवावे लागते.

भारतातील स्थिती

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम लागू झाले. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, तर विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत परवानगीविना उड्डाणाची मुभा या नियमांनी दिली आणि समानव विमानांपासून दूर राहण्याचे बंधन ड्रोनवर घातले. त्याच वर्षी ड्रोन वाहतूक व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरणही जाहीर झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये तेलंगणातील विकाराबाद येथे नजरेच्या टप्प्याबाहेर औषधे पोहोचवण्याचे प्रयोग झाले.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तरी कमी उंचीवरचे आकाश मोकळे नाही. जुहू विमानतळावरून समुद्रातील तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरची नियमित ये-जा असते. कामशेत आणि पाचगणीच्या डोंगरउतारांवर पॅराग्लायडर उडतात, आणि त्यांच्याजवळ ट्रान्सपाँडर नसतो. उत्तराखंडमध्ये ऋषिकेशच्या एम्समधून ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेची सेवा सुरू झाली. अशी हेलिकॉप्टर विमानतळावर उतरत नाहीत. ती शेतात, रस्त्यावर, शाळेच्या मैदानावर उतरतात, म्हणजे नकाशावरील रंगीत क्षेत्रांचा त्यांना फारसा आधार नसतो.

प्रगत साधने येईपर्यंत साधी शिस्तच उपयोगी पडते. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवणे, आकाशाकडे पाहणारा दुसरा माणूस सोबत असणे, हेलिकॉप्टरचा आवाज येताच ड्रोन सावकाश खाली आणणे आणि आग, पूर वा अपघाताच्या ठिकाणी ड्रोन न उडवणे, एवढ्या गोष्टी प्रत्येक चालकाच्या हातात आहेत. उद्याचे ड्रोन कदाचित स्वतः ऐकेल, पाहील आणि बाजूला होईल. तोवर ते भान चालकालाच ठेवावे लागणार आहे.